शांतता जास्त

"काकू, परत आलं," वरची सून जिन्यातूनच म्हणाली. "याही वेळी परत आलं."

मी मशीनचं चाक हाताने थांबवलं. सुईखाली कुणाच्या तरी मुलाचा गणवेश अर्धा शिवून पडला होता. वरची सून म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबातली सून. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. लाल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मी चष्मा शोधेपर्यंत तिनेच वाचून दाखवलं, "संभाषण नाकारले. कारण, शांतता जास्त."

"यात त्याला नवीन ते काय कळलं?" मी म्हणाले. "मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं!"

ती खळखळून हसली. मीही हसले. हे मात्र खिडकीपाशी खुर्चीत बसून बाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघत होते. ऐकलं त्यांनी, नक्की ऐकलं, कारण मानेमागे हात नेऊन त्यांनी कॉलर सारखी केली. अवघडले की हे कॉलर सारखी करतात. संसार झाला एवढा, मला कळणार नाही तर कुणाला?

आमचे हे वीज कंपनीत मीटर रीडर होते. सगळा भाग त्यांना मीटरकाका म्हणायचा. गल्लीच्या तोंडाशी आले की दारोदार एकच हाक, "मीऽटर!" आणि आतून बायाबापड्यांचं उत्तर, "या!" कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा न्हाणीघराच्या दारावर, कुणाच्या मीटरवर टोप्या टांगलेल्या. हे टोपी काढायचे, आकडा टिपायचे, टोपी परत टांगायचे. निघताना घरातल्या म्हाताऱ्यांची विचारपूस व्हायची, कुणाच्या मुलाला कामावर घेतलं का ते कळायचं, आणि घरी आल्यावर मला सगळ्या भागाची बातमी मिळायची. मी शिवत बसायचे आणि हे बोलत बसायचे. कधीकधी मी म्हणायचे, "अहो, जरा दम घ्या, माझी शिवण वाकडी जातेय."

मग नवे मीटर आले. ते भिंतीवर बसल्या बसल्या आपला आकडा आपणच ऑफिसला कळवतात. दारात कुणी यायला नको, टोपी काढायला नको. यांना निरोपाचं म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घेऊन हे घरी आले, खिळा ठोकून टांगलं आणि खुर्चीत बसले. पहिल्यांदा मला वाटलं, पायांना विश्रांती हवी असेल. पण हळूहळू बोलणं आटत गेलं. "हं", "नको" आणि "असू दे" एवढ्यावर आमचा संसार चालायला लागला. डॉक्टरांनी सगळं तपासलं. कान ठीक, घसा ठीक, डोकंही ठीक. "त्यांना बोलतं ठेवा," म्हणाले. सांगायला काय जातंय! लेक दूरच्या शहरात असते, ती व्हिडिओवर यायची. "बाबा, काहीतरी बोला ना." हे पडद्याकडे वाकून बघायचे, तिचं रीडिंग घेतल्यासारखं, "बरी आहेस ना?" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. फोन ठेवला की ती तिकडे रडायची आणि मी इकडे. मला एकाच गोष्टीची भीती होती. एक दिवस ते "असू दे"सुद्धा संपेल आणि या घरात नुसता मशीनचा आवाज उरेल.

तेवढ्यात वरच्या सुनेने हे काम आणलं. ती दिवसभर कानाला हेडफोन लावून विजेच्या तक्रारी घेते. लाइट गेली, बिल फुगलं, डीपी पेटली, सगळं तिच्या कानात. घरातूनच करते, म्हणून आम्हांला जिन्यात तिचं "आपली तक्रार नोंदवली आहे" सारखं ऐकू येतं. त्यात आणखी हे जोडकाम.

"दोन माणसांनी घरात बोलतात तसं बोलायचं, काकू. विषय काम देणारेच देतात. फोन मधे ठेवायचा आणि चहा थंड होईपर्यंत बोलत राहायचं. ते सगळं कॉम्प्युटरच्या मशीनला ऐकवतात, म्हणजे त्याला आपली भाषा येते. पुस्तकातली नकोय त्यांना, घरातली हवीय. थोडे पैसेही मिळतात."

पैशांपेक्षा मला दुसरंच काही दिसलं. "नुसतं बोला" म्हटलं तर हे बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण कामाला हा माणूस जन्मात कधी नाही म्हणाला नव्हता. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, ड्युटी आलीय. दोघांनी मिळून करायची आहे."

ड्युटी म्हटल्यावर मान वर आली.

पहिल्या दिवशी यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. मी टेबलावर साखरेच्या डब्याला टेकून फोन उभा केला. वरची सून म्हणाली, "काका, आधी आवाज तपासायचाय. काहीही बोला."

हे उभे राहिले. छाती भरून घेतली आणि ओरडले, "मीऽटर!"

कप थरथरले. समोरच्या घरातल्या आजींनी सवयीने दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, या! किती दिवसांनी आलात!" मग दारात कुणीच नाही बघून गोंधळल्या. आम्ही तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला काहीतरी निमित्त हवं होतं. ती हाक मला पुन्हा ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पण हाकेपुढे गाडी सरकेना. विषय होता बाजार.

"भाज्या किती महागल्यात, नाही का हो?" मी सुरुवात केली.

"हो."

"पूर्वी आपण मंडईत चालत जायचो, आठवतं?"

"आठवतं."

"येताना तुम्ही पिशवी घ्यायचात."

"हं."

मग दोघं फोनकडे बघत बसलो. तो आमच्याकडे बघत बसला. मी पोपटासारखी एकटीच बडबडत राहिले आणि ते सगळं परत आलं. दुसरं परत आलं. आणि आता हे, शांतता जास्त.

सून वर गेल्यावर मी पुन्हा मशीनवर बसले. पाठीमागून आवाज आला.

"परत आलं?"

"आलं. असू दे, नका मनाला लावून घेऊ."

"माझ्यामुळे आलं?"

मी गणवेश सुईखाली पुढे सरकवला. हे खुर्चीतून उठले, घरात एक फेरी मारली, टेबलापाशी थांबले.

"माझं रीडिंग कधी परत आलं नव्हतं," हे म्हणाले. "अख्ख्या नोकरीत. एकदाही नाही."

एवढं लांब वाक्य मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. मी मशीन बंद केलं, पण मागे वळून पाहिलं नाही. चिमणी दाण्यावर आली की आपण हलत नाही, तशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी यांनी घोटून दाढी केली आणि मी बोलवायच्या आधी हे टेबलापाशी येऊन बसले. विषय आला, तुमची पहिली भेट. मला हसू फुटलं. "आता हो? काय सांगायचं?"

हे फोनकडे न बघता माझ्याकडे बघत होते. "तुमच्या घरी मीटर जिन्याखाली होता," हे म्हणाले. "पिठाच्या पिंपामागे. अंधार मिट्ट. तू बॅटरी धरलीस. हात थरथरत होता तुझा."

"हात कशाला थरथरेल? सेल संपत आले होते. उजेडच थरथरत होता."

"दुसऱ्यांदा आलो तेव्हा नवे सेल होते. तरी थरथरत होता."

"तुम्ही आकडा चुकीचा टिपलात म्हणून परत आलात. माझे बाबा तर किती चिडले होते. म्हणाले, हा कसला माणूस, याला साधे आकडे वाचता येत नाहीत, आणि..."

मी थांबले, कारण हे कॉलर सारखी करत होते. फोनमधला छोटा आकडा पुढे सरकत होता. गेलं, हेही परत येणार, माझ्या मनात आलं.

"चुकला नव्हता," हे म्हणाले.

"काय?"

"आकडा बरोबर होता. मी उगाच आलो होतो परत."

घ्या! एवढी वर्षं मी जगाला सांगत आले, की आमच्या यांच्या हातून नोकरीत एकच चूक झाली आणि तिच्यामुळे माझं लग्न झालं. लेकीला सांगितलं, जावयाला सांगितलं, समोरच्या आजींना तर दहादा सांगितलं. आणि हा माणूस प्रत्येक वेळी बाजूला बसून मुकाट ऐकत होता.

"खोटारडे!" मी म्हणाले. "आणि हे आत्ता सांगताय? त्या परक्या मशीनसमोर?"

"त्यानेच विचारलं," हे म्हणाले. "तू कधी विचारलं नाहीस."

मग आम्ही हसलो ते किती वेळ हसलो! हसणं चालतं की नाही कुणास ठाऊक, असं मनात आलं, पण थांबता येईना. संध्याकाळी वरची सून नाचतच खाली आली. संभाषण स्वीकारलं होतं.

त्यानंतर रोज दुपारच्या चहाला आमची ड्युटी लागायला लागली. आवाज तपासायचा म्हणून हे आधी "मीटर" म्हणायचे, आता ओरडून नाही, हळूच. मी म्हणायचे, "या." आणि आम्ही सुरू व्हायचो. प्रवास, आजारपण, मुलांचं शिक्षण, सरकारी कचेरीतला अनुभव, काय वाट्टेल ते विषय यायचे. एकदा निवडणूक आली. तेव्हा यांनी आमच्या नगरसेवकाची गोष्ट सांगितली. निवडणुकीआधी नव्या मीटरविरुद्ध त्याने मोर्चा काढला होता, सगळ्यांच्या मोबाइलवर घोषणा पाठवल्या होत्या. निवडून आल्यावर त्याच मीटरच्या कार्यक्रमाला फीत कापायला हाच पुढे. "आणि फीत कापताना लाइट गेली," हे म्हणाले. "मग मलाच बोलावलं, बघा म्हणे मीटरकाका, काय झालंय." हे सांगताना यांनी नगरसेवकाचा आवाज काढला. मला माहीतच नव्हतं यांना नकला येतात.

लेकीचा फोन आला तेव्हा हे तिच्याशी इतकं बोलले की शेवटी तीच म्हणाली, "बाबा, मला ऑफिसला उशीर होतोय." मग मला म्हणाली, "आई, काय औषध दिलंस गं?" मी म्हटलं, "फुकटचं नाही, उलट पैसे मिळतात." माझा जीव भांड्यात पडला होता. मी शिवताना गुणगुणायला लागले होते. त्या फोनला मी रोज फडक्याने पुसून डब्याला टेकवायचे, इतकी माया बसली होती त्याच्यावर.

आणि मग एक दिवस विषय आला, तुमच्या कामात झालेले बदल.

मला वाटलं, हा टाळावा. पण हे म्हणाले, "असू दे. बोलू."

हातातला कप यांनी खाली ठेवला. "नवे मीटर बसवायला बाहेरची पोरं आली होती. त्यांना घरं माहीत नाहीत, मीटर कुठे दडलेत ते माहीत नाही. लोक दार उघडेनात. साहेब म्हणाले, मीटरकाका, तुम्ही पुढे व्हा, तुम्हांला लोक ओळखतात. मी झालो पुढे. गल्लीत शिरायचं, हाक द्यायची. लोक म्हणायचे, या. मी म्हणायचो, ही आपलीच मुलं आहेत, बसवू द्या मीटर. पोरं आत जायची. मी जिन्याखाली बॅटरी धरायचो."

मी यांच्या हातावर हात ठेवला.

"चांगली होती पोरं. काका काका करायची. मला वाटलं, आपल्यावाचून यांचं चालणार नाही. मी रोज घरी येऊन सांगायचो ना तुला, आज अमुक गल्ली झाली?"

"सांगायचात."

"शेवटचं घर झालं आणि साहेबांनी बोलावून घड्याळ दिलं. माझं जाऊ दे, माझी थोडीच वर्षं राहिली होती. पण माझ्याबरोबरचे सगळे घरी बसले. कुणाची मुलं अजून शाळेत. मीच दारं उघडून दिली ना? माझ्या हाकेला उघडली ती."

एवढं पोटात घेऊन हा माणूस खिडकीपाशी बसत होता आणि मी समजत होते की पाय दुखताहेत. मला भडभडून आलं. मी म्हणाले, "अहो, तुम्ही नसता गेलात तर दुसरं कुणी गेलं असतं."

हे फोनकडे बघत राहिले. मग यांनी हात पुढे केला आणि रेकॉर्डिंग बंद केलं. आजवर यांनी त्या फोनला कधी हात लावला नव्हता.

"हेही तेच आहे," हे म्हणाले.

"काय तेच?"

"वरची पोरगी तक्रारी ऐकते ना फोनवर? या मशीनला आपलं बोलणं कळायला लागलं, की तिच्या जागी कोण ऐकणार?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या पोरीचा विचार आलाच नाही. माझं माणूस मला नुकतं परत मिळालं होतं आणि ते पुन्हा हातचं जाणार, एवढंच दिसत होतं. मी रागावले. "सगळ्या जगाची काळजी तुम्हीच वाहा," म्हणाले. "माझ्याशी दोन शब्द बोललात तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

"तुझ्याशी नाही, त्याच्याशी बोलतोय आपण," हे म्हणाले. "पुन्हा पुढे नाही होणार मी."

मी फोन उचलला आणि वर गेले. सून नुकतीच कामावरून मोकळी झाली होती, हेडफोन गळ्यात होते. मी सगळं सांगितलं. ती खाली मान घालून वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"मला माहितीये, काकू," ती म्हणाली. "आमच्याकडे सांगितलंय तसं. हळूहळू सगळं मशीनच उचलणार. म्हणून तर हे जोडकाम धरलं. तुम्ही नाही बोललात तर दुसरे बोलतील."

"मीही तेच म्हटलं त्यांना."

"काका माझ्यासाठी थांबले?" तिने विचारलं. तिचे डोळे भरले होते. "आमच्या घरातसुद्धा कुणाला सुचलं नाही हे. काकू, त्यांना म्हणावं, खुशाल बोला. निदान त्या मशीनला काकांसारखं बोलता येईल."

मी खाली येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. हे ऐकून घेत राहिले. शेवटचं वाक्य ऐकून जरा हसलेही. मग म्हणाले, "गुणी आहे पोर. पण दाखवायचं तर दुसरं कुणीतरी दाखवेल घर. मी नाही."

मी हात टेकले. आणि मनात, अगदी खोल, मला यांचा अभिमानही वाटला. पण अभिमान काही बोलत नाही. रात्रीचं जेवण तसंच झालं, सकाळही तशीच गेली. हे खिडकीपाशी, खांबाकडे बघत. मी मशीनवर. एक बाही मी उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. परत ते "हं" आणि "असू दे". परत ती शांतता. डॉक्टरांकडे जावं का, लेकीला बोलवून घ्यावं का, असले विचार करत मी दुपारी चहा ठेवला आणि सवयीने दोन कप टेबलावर आणून ठेवले. साखरेच्या डब्यासमोरची जागा मोकळी होती. मला तिकडे बघवेना, म्हणून कप तिथेच सोडून मी मशीनकडे वळले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे उठून टेबलापाशी आले होते. यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, जुनी, कोपरे झिजलेली, आणि फोन उभा करायचो तशी डब्याला टेकवून उभी केली. ती घसरली. यांनी पुन्हा नीट उभी केली.

"हे काय आता?" मी विचारलं.

"हे ऑफिसला काही कळवत नाही," हे म्हणाले आणि बसले.

मी हातातला गणवेश बाजूला ठेवला. मांडीवरचे दोरे झटकले. यांनी कॉलर सारखी केली, घसा खाकरला आणि अगदी हळू आवाजात हाक दिली.

"मीटर."

"या," मी म्हणाले.